कूलर रंगवायचे दिवस

होळीची राख गार झाली की आमच्या गल्लीत एक आवाज सुरू होतो. खर्र, खर्र, खर्र. कुणीतरी गच्चीवर कूलरचा पत्रा घासायला घेतलेला असतो. एकानं सुरू केलं की दुसऱ्याला आठवण होते, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याची बायको तिसऱ्याच्या मागं लागते, आणि आठ दिवसांत चिकलठाण्यातल्या सगळ्या गच्च्या खरखरायला लागतात. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, ऊन मात्र आमच्याकडं वेळेवर येतं. त्यामुळं कूलर खाली उतरवणं, घासणं, रंगवणं, त्याच्या जाळ्यांत नवा वाळा भरणं हा आमचा ठरलेला हंगाम. तो चुकवला की मे महिना चुकवणाऱ्याला चांगलाच धडा शिकवतो.

आमचा कूलर पत्र्याचा आहे आणि माझ्या वडिलांच्या हातचा आहे. म्हणजे पत्रा वाकवला जुन्या मोंढ्याजवळच्या एका पत्रेवाल्यानं, पण रंगवला वडिलांनी, म्हणून तो त्यांचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला बाई. आमच्या भागात पुष्कळ घरांत अशीच हाक असते. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी दादांनी तो कूलर माझ्याकडं आणून ठेवला, तेव्हापासून दर साली आमच्या घरी एकच संवाद होतो. आमचे हे म्हणतात, "अगं, प्लॅस्टिकचा घेऊन टाकू. हलका असतो, चाकावर पळतो." मी म्हणते, "पळू दे. मला पळणारा नको, एका जागी बसणारा पाहिजे." त्यावर ते माझ्याकडं बघतात, कूलरकडं बघतात आणि निमूटपणे एक बाजू उचलू लागतात. संसार असाच चालतो.

यंदा रंग आणायला क्रांती चौकाच्या बाजूला गेले होते. दुकानदार तरुण, तोंडानं चुरचुरीत. स्प्रेचे दोन डबे काउंटरवर ठेवत म्हणाला, "ताई, लई सोप्पंय. घरातल्या घरात मारा, दारं-खिडक्या लावून घ्या म्हंजी धूळ बसत नाय. पंध्रा मिनटात खडखडीत."

माझं डोकंच फिरलं.

"तू असाच मारतोस का घरी?"

"व्हय. परवाच फ्रीज मारला. नवा दिसायला लागलाय."

"घरात कोण कोण असतं?"

"आई हाय, बायको हाय, पोरगी हाय बारकी."

मग मी त्याला दहा मिनिटं उभ्याउभ्या झोडपलं. म्हटलं, बाबा रे, ह्या डब्यात नुसता रंग नसतो. रंग पातळ करणारं औषध असतं आणि त्याला बाहेर ढकलणारा गॅस असतो. रंग पत्र्यावर बसतो, बाकीचं सगळं हवेत जातं आणि हवेतून तुझ्या पोरीच्या छातीत. वर दारं लावलीस, आणि शेजारच्या खोलीत तुझ्या आईनं गॅस पेटवला, तर फ्रीजच काय, घर नवं बांधावं लागेल. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. एकजण म्हणाला, "मास्क लावायचा ना, करोनातला पडलाच असंल घरात." त्यालाही सुनावलं. कापडाचा मास्क कण अडवतो, वास आरपार जातो. वासासाठी गालांवर दोन डब्या असलेला रबरी मास्क लागतो. दुकानदारानं कान खाजवत विचारलं, "ताई, तुम्ही रंगाच्या कंपनीत हाव का?"

"नाही," म्हटलं, "मी पेंटरची पोरगी आहे."

घरी येताना रिक्षात बसल्यावर जरा लाज वाटली. एवढं तोंड सोडायला नको होतं. पण हा विषय निघाला की माझा माझ्यावर ताबा राहत नाही, आणि त्याचं कारण चिकलठाण्याच्या त्या एका मार्च महिन्यात आहे.

दादांचा जन्म अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या आसपासचा. नक्की तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. ते मूळचे शेतकरी घरातले, पण कोरडवाहू जमिनीत चार भावांना पुरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हे शहरात आले. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका लोखंडी कपाटांच्या कारखान्यात चिकटले. आधी कपाटं पुसायला, मग पुट्टी भरायला, आणि मग रंगाच्या बूथमध्ये. बूथ म्हणजे तीन बाजूंनी बंद खोली. आत कपाट लटकवायचं आणि हातात पाइप लावलेली स्प्रेगन घेऊन ते रंगवायचं. दादांचा हात असा होता की साहेब पाहुणे घेऊन आले की आधी दादांच्या बूथशी थांबायचे. पत्र्यावर एक ओघळ नाही, एक पुरळ नाही. नुसतं गुळगुळीत. रविवारी घरी बसले तरी त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं सावकाश फिरत असायचा. बाई म्हणायची, "आवो, खुर्ची झाली रंगवून, आता खाली ठेवा तो हात."

कंपनीनं मास्क दिला होता. तो बूथमध्ये खिळ्याला टांगलेला असायचा. लावायचं कुणी नाव घेत नसे. त्याच्याऐवजी काय होतं, तर गूळ. पाळी सुटली की दाराशी एकजण परात घेऊन उभा, प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. गूळ खाल्ला की घशातला रंग पोटात जातो आणि पोटातला बाहेर, छाती साफ, अशी सगळ्यांची ठाम समजूत. दादा आपला खडा अर्धा खाऊन अर्धा रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचे. त्या गुळाला थिनरचा वास यायचा. मला तो आवडायचा, आता सांगायला काय हरकत आहे. आमच्या घरात दादा आले हे पावलांच्या आधी त्या वासानं कळायचं.

आज मला कुणी विचारलं तर मी सांगेन, गुळानं घसा ओला होतो आणि तोंड गोड होतं. तेवढंच होतं. फुप्फुसाकडं जायची वाट गुळाला ठाऊक नाही. पण तेव्हा हे म्हणणारं कुणी नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी परातीपुढं कुणी ऐकलं नसतं.

गच्चीवर आता मी पत्रा घासतेय. आधी मोटर आणि पंप काढून ठेवलेत, वायर गुंडाळलीय. पंख्याला वर्तमानपत्र बांधलंय. गंज असतो तिथं जाडा पॉलिश पेपर, बाकी ठिकाणी बारीक, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. लोकांना घाई रंगाची असते. दादा म्हणायचे, "रंग काय, कोन बी मारील. घासनारा पेंटर." पत्रा घासताना जुने थर निघत जातात. वर गेल्या सालचा निळा, खाली पोपटी, त्याखाली आमच्या ह्यांनी हौसेनं मारलेला केशरी (तो विषय नको), आणि सगळ्यांत खाली करडा. कपाटांचा करडा. मागच्या बाजूला, खालून वीतभर उंचीवर, त्या करड्या थरात एक ओघळ आहे. लांबट, बोटाएवढा, वाळून घट्ट झालेला. तेवढा मी घासत नाही. ह्यांना वाटतं, मी कामचुकारपणा करते.

मी दहावीला होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही चिकलठाण्यातच दोन खोल्या आणि पुढं मोरी अशा घरात राहत होतो. पुढच्या खोलीत मी आणि भूमिती. मागच्या खोलीत धान्याची पोती, आणि तिला लागून पडवीत स्वयंपाक, रॉकेलच्या स्टोव्हवर. बाहेर वावटळी सुटलेल्या. मार्चमध्ये आमच्याकडं फुफाटा असा उडतो की दोरीवरचं धुणं पुन्हा धुवावं लागतं. दुसऱ्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता, केंद्र लांब छावणीत.

त्या सालापर्यंत दादा घरचा कूलर ब्रशनं रंगवायचे आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं. कारखान्यात आरशासारखं काम करणारा माणूस आणि घरच्या कूलरवर ब्रशच्या रेघा. त्या साली कपाटांचे ओरखडे झाकायला कंपनीत स्प्रेचे डबे आले होते. त्यातले जुने झालेले चार डबे साहेबांनी दादांना घरी न्यायला दिले. दादांचा आनंद बघवत नव्हता. डबा हलवून ते माझ्या कानाशी धरायचे. आत गोळी खडखडायची. "ऐकलं का? गोळी मोकळी वाजली की मंग अजून एक मिनिट हलवायचं. रंग खाली बसलेला असतो, त्याला उठवावं लागतं."

आणि मग त्यांनी तेच केलं जे त्या दुकानदारानं सांगितलं. बाहेर फुफाटा, ओल्या रंगावर एक कण बसला तरी पेंटरची इज्जत जाते. म्हणून पत्रा पार कोरा होईपर्यंत घासून कूलर मागच्या खोलीत घेतला. खिडकी बंद केली. फटीत ओली पोती कोंबली. दार लावलं. ज्या माणसानं वीस वर्षं बूथमध्ये काढली त्यानं घरात बूथ केला, फक्त बूथला हवा ओढणारा मोठा पंखा होता आणि इथं तो नव्हता. मास्क कंपनीत खिळ्याला होता.

मी पुढं बसून वर्तुळाला स्पर्शिका काढत होते. डोकं ठणकायला लागलं. डोळे चुरचुरायला लागले. मला वाटलं, भूमितीनंच होतंय. एवढ्यात बाई शेजारच्या काकूंकडून आली. तिकडं कुरडया घालायच्या चालल्या होत्या, हाताला चीक तसाच. पदराला हात पुसत ती सरळ पडवीत गेली, आणि मला स्टोव्हच्या पितळी पंपाचा फुसफुस आवाज आला, आणि मग काड्यापेटी हलवल्याचा.

कुठून सुचलं माहीत नाही. दादांनीच कधीतरी सांगितलं होतं, बूथच्या आसपास कुणी बिडी काढली की त्याला बाहेर काढतात, आग लागायला एक काडी पुरते. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाई, काडी ओढू नको!"

बाई काडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी पळत जाऊन मागचं दार उघडलं. आतून वासाचा लोटच्या लोट अंगावर आला, खोकल्यानं मी दुमडलेच. आत करड्या धुक्यात दादा उभे होते. माझ्या ओरडण्यानं दचकले होते, डबा एकाच जागी धरलेला, बोट दाबलेलं तसंच. पत्र्यावरून रंग ओघळून खाली येत होता.

"काय झालं? कशापायी वरडाय लागली?"

"दादा, वास! केवढा वास कोंडलाय!"

"वास?" ते म्हणाले. "मला तर कायबी येईना."

मग ते दोन पावलं पुढं आले आणि भिंत धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक. आम्ही दोघींनी धरून त्यांना अंगणात आणलं, खिडकी उघडली, पोती काढून फेकली. बाई पदरानं वारा घालता घालता ओरडत होती. "डोळ्यातून पाणी काढाय लागलाय वास, आन् तुम्हाला येईना म्हंता? नाक हाय का काय हाय?"

नेमके तेव्हाच युसूफचाचा आले. दादांच्याच बूथमध्ये ते दुसऱ्या बाजूनं रंग मारायचे. सकाळी मला केंद्रावर न्यायला त्यांची स्कूटर मागितली होती, ती द्यायला आले होते. अंगणातलं दृश्य बघून त्यांनी स्कूटर लावली, दादांजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "अब तो बोल दे भाई. घरवालोंसे कायकू छुपाता?"

दादांनी मान खाली घातली. मग चाचांनीच आम्हाला सांगितलं. दोन वर्षं झाली, दादांना वास येत नव्हता. कसलाच. वर्षाकाठी कंपनीत डॉक्टर येऊन छाती बघायचा, त्याला हे कळलं तर बूथमधून काढून पॅकिंगला टाकतील, या भीतीनं दादांनी चाचांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पॅकिंगला म्हणजे दुसऱ्यानं रंगवलेल्या कपाटाला पोतं शिवत बसायचं. दादांना ते मरणासारखं वाटत होतं.

आणि मग एकेक करून सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. ताटात भाजी पडली, वाफ दिसली की दादा म्हणायचे, "लई भारी वास सुटलाय." वाफ बघून म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आंबा देठाशी हुंगला, "साखर हाय" म्हणाले, आणि कापला तर आतून सडका. आम्ही हसलो होतो. आणि कूलरचं. कूलर पहिल्यांदा सुरू करायचा त्या दुपारी, नव्या वाळ्यावर पाणी पडायला लागलं की दादा माझ्याकडं वळून विचारायचे, "आला का गं वास?" मला वाटायचं, लाडानं विचारतात. मी मोठ्यानं म्हणायची, "आला!" आणि ते मान डोलवायचे. त्यांना खरंच माहीत नसायचं म्हणून ते विचारत होते. त्यांना वाळ्याचा वास माझ्याकडून घ्यावा लागत होता.

मी पंधरा वर्षांची होते. त्या वयात माणूस रडायच्या ऐवजी भांडतो. मी वही आपटली आणि म्हटलं, "नाक गेलं तर गेलं. छाती मी जाऊ देणार नाही. तुम्ही उद्यापासून मास्क लावणार की नाही ते सांगा. नाहीतर मी पेपरला जात नाही."

"येडी झालीस का? मास्क लावला की चष्म्यावर वाफ येती. चकाकी दिसत नाय. चकाकी दिसली नाय तर मी कशाचा पेंटर?"

"मग मी पण कशाची दहावी? ठेवा ती स्कूटर चाचांकडंच."

बाई मधे पडली नाही. एरवी अभ्यासावरून माझी चामडी लोळवणारी बाई उंबऱ्यात बसून बोटांवरचा वाळलेला चीक खरवडत राहिली. चाचा हसले. "बेटी सही बोल रई. नाक तो गई, अब सीना बी देता क्या?" आणि दादांच्या खांद्यावर थाप मारून पायी निघून गेले.

दादा त्या संध्याकाळी कारखान्यात जाऊन आले. काय करून आले ते सांगितलं नाही.

सकाळी स्कूटर काढली. मी मागं बसले, मांडीवर कंपासपेटी, तोंड फुगवलेलं. दादांनी पिशवीतून मास्क काढला. काळा रबरी, दोन्ही गालांवर दोन डब्या. तो त्यांनी तोंडाला चढवला, मागं पट्टा ओढला आणि स्कूटरला किक मारली.

"अहो दादा, आत्ता कशाला? इथं कुठंय रंग?"

त्यांनी नुसता गिअर टाकला. मास्कमधून उत्तर देताही येत नसेल. जालना रोडनं आम्ही असे निघालो. रस्त्यावरचा एकूण एक माणूस वळून बघत होता. क्रांती चौकात हवालदारानं शिट्टी तोंडाला लावली ती तशीच राहिली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. छावणीत केंद्राच्या फाटकाशी पोरापोरींची गर्दी. एक जण ओरडला, "ए, तुझे पप्पा चंद्रावर चाललेत का?" सगळे खो खो हसले. एका बाईनं आपलं पोर मागं ओढलं. दादा मला सोडून शांतपणे समोरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून, तोंडाला मास्क तसाच.

पेपर मी कसा लिहिला, मला आठवत नाही. प्रमेय आलं होतं, एवढं आठवतं. बाहेर आले तेव्हा ऊन चढलेलं होतं आणि दादा लिंबाखाली तसेच उभे होते. मास्कच्या कडेनं घाम गळत होता. मला बघून त्यांनी आतून काहीतरी विचारलं. "ऊं ऊं ऊं?" मला कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "काढा ना आता!" तेव्हा त्यांनी तो काढला. गालांवर, नाकावर रबराचे लालभडक वळ उमटले होते.

"बघितलं?" ते म्हणाले. "सकाळपासून लावलेला हाय. बूथमधी दोन तासाची बारी असती. जमल मला."

मी पोरींच्या देखत, फाटकाशी, त्यांच्या घामेजल्या सदऱ्याला तोंड लावून रडले. रागानं नाही. दादा म्हणाले, "पेपर अवघड गेला का?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दादांनी मास्क सोडला नाही. चष्म्यावर वाफ येऊ नये म्हणून काचांना आतून साबणाचं बोट फिरवायचे, कुणालातरी विचारून शिकले. डॉक्टरला नाकाचंही सांगितलं. कुणी पॅकिंगला टाकलं नाही, उलट नव्या पोरांना बूथमध्ये सोडायच्या आधी दादांकडं पाठवायला लागले. नाक मात्र परत आलं नाही. चाचांनी कधी मास्क लावला नाही. "मेरी नाक सलामत है," म्हणायचे आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचे. पुढं पुढं आमच्या घराच्या चार पायऱ्या चढताना ते दोनदा थांबायचे, आणि दादा दारात उभे राहून त्यांची वाट बघायचे.

घरच्या कामाला दादांनी त्या मार्चनंतर नियम घातला. रंग बाहेर, उघड्यावर, घरापासून लांब. वारा सुटायच्या आत, सकाळी. हवा अंगामागून आली पाहिजे, तोंडावर नाही. आसपास चूल, स्टोव्ह, उदबत्तीसुद्धा नाही. आणि रिकामा डबा कुणाच्या होळीत जाणार नाही याची जबाबदारी माझी, कारण आत राहिलेला गॅस तापला की डबा फुटतो.

मीही तेच करते. डबा दोन मिनिटं हलवला. पत्र्यापासून सव्वा वीत लांब धरला. बोट पत्र्याच्या बाहेर असतानाच दाबायचं आणि हात फिरता ठेवून पत्रा संपल्यावर सोडायचं, मधे थांबायचं नाही. थांबलं की ओघळ. पहिला हात एवढा पातळ की खालचा रंग दिसला पाहिजे. मग चहा पिऊन यायचं. (चहा खाली, गच्चीवर नाही.) मग दुसरा हात, मग तिसरा. लोकांना एका हातात सगळं झाकायचं असतं, म्हणून त्यांचे कूलर रडल्यासारखे दिसतात. काम संपलं की डबा उलटा धरून एकदा दाबायचा, नुसता गॅस आला की तोंड मोकळं झालं. उरलेला डबा उन्हात ठेवायचा नाही. ह्यांनी तो गच्चीच्या कठड्यावर ठेवला होता, मी पुन्हा एकदा तोंड सोडलं. ते म्हणाले, "तुझ्या तोंडाला पण मास्क पाहिजे." तो मी खरंच लावलेला होता, म्हणून माझे शब्द त्यांना नीट ऐकू गेले नसावेत.

रंगवल्यावर कूलर लगेच आत घ्यायचा नाही. रंग वाळतो तासाभरात, पण वास जात नाही, आणि कूलर हे असं यंत्र आहे की पोटातला वास गोळा करून आपल्याच तोंडावर फेकतं. आठ दिवस तो गच्चीवर उघडा. मग वाळा, मग पाणी.

आणि त्या मार्चनंतर दादांचा प्रश्नही बदलला होता. आता लपवायचं काही नव्हतं. पूर्वी "आला" म्हटलं की त्यांचं भागायचं, आता भागेना. "आला तर कसा आला? सांग की." मी म्हणायची, "वाळ्यासारखा." "ते मला बी ठाऊक हाय. यंदाचा कसा हाय?" मग मला सांगावं लागायचं. ओल्या माठाच्या तळासारखा. मळ्यात पाटाचं पाणी कोरड्या वाफ्यात पहिल्यांदा शिरतं तसा, मागून थोडा लाकडी. यंदा जरा उग्र आहे, मागच्या सालचा मऊ होता. दादा डोळे मिटून ऐकायचे. एखादा शब्द पटला नाही तर म्हणायचे, "नाय, परत हुंग." मी परत हुंगायची. मग शेवटचा प्रश्न, दर साली, न चुकता: "आन् रंगाचा तर येत न्हाय ना?" मी नाही म्हटल्यावर मगच ते कूलरपुढं पाठ टेकायचे. मला शाळेत निबंधात कधी चांगले मार्क पडले नाहीत. शब्द शोधायला मी दादांच्या कूलरपुढं शिकले.

दादा गेले त्यालाही आता काही उन्हाळे झाले. शेवटपर्यंत श्वास नीट होता त्यांचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं होतं, "हे रंगकामात होते म्हणता?" मला त्या क्षणी छावणीतला तो लिंब दिसला.

काल दुपारी कूलर खिडकीशी लावला. पंप सुरू झाला, वाळ्यावर पाणी झिरपायला लागलं, पंखा घुमला. हे पलंगावर पेपर वाचत होते. मी नकळत वळून विचारलं, "आला का हो वास?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, पेपर खाली ठेवला आणि घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "का गं? तुला येत नाही का?"

"येतो," म्हटलं. "मला येतो."

आणि मी कूलरच्या जाळीपाशी जमिनीवर बसले, डोळे मिटले, आणि शब्द शोधायला लागले. दादा, यंदाचा जरा कोवळा आहे. रिकाम्या रांजणात पहिली घागर ओतावी तसा. मागून मातीचा, आणि अगदी शेवटी, का कुणास ठाऊक, गुळासारखा. परत हुंगलं, तरी तसाच.

रंगाचा नाही. अजिबात नाही.